रिकाम्या रकान्यातली माती

दगडाने फसवलं असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दगड कोणाला फसवत नाही. तो कोट्यवधी वर्षं जिथे पडलाय तिथे पडून आहे, त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही. फसवतात ती माणसं, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच, तेही एसी लावलेल्या खोलीत बिस्किटं खात बसून.

मी भूवैज्ञानिक आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत याचा अर्थ एवढाच घेतला जातो की बोअरवेल कुठे मारायची ते मला कळतं. एकदा सेक्रेटरींनी मला हातावर नारळ ठेवून आवारात फिरायला सांगितलं होतं. मी म्हटलं, अहो, मी समुद्राखालचं बघते. ते म्हणाले, मग तर तिथे पाणीच पाणी असेल. मी हसले, पण खरं सांगायचं तर ऑफिसातल्या साहेबांपेक्षा सेक्रेटरी बरे. त्यांना माहीत नव्हतं आणि ते तसं कबूल करत होते.

समुद्राखाली तेलाचं तळं नसतं. अनारशाच्या जाळीत तूप मुरतं तसं तेल चुनखडीच्या बारीक बारीक भोकांत मुरलेलं असतं. ते किती आहे हा एक प्रश्न. पण त्याहून मोठा प्रश्न असा की ते एका भोकातून दुसऱ्यात जाऊ शकतं का, वरच्या थरातून खालच्या थरात उतरू शकतं का. याचं उत्तर दगड वाचून द्यायचं आणि त्यावरून विहिरी कुठे, किती, आडव्या की तिरक्या हे ठरवायला मदत करायची, ही माझी नोकरी. अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळच्या एका काचेच्या इमारतीत मी ती अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ केली आहे.

ज्या क्षेत्राबद्दल सांगतेय ते मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात आहे. छोटंसं. मोठ्या क्षेत्रांकडे सगळ्यांचं लक्ष असताना हे बरीच वर्षं तसंच पडून होतं. मग वरून हुकूम आला की आता हेही विकसित करा, आणि तिथे एक प्लॅटफॉर्म उभा करायचं ठरलं. प्लॅटफॉर्मवरून ज्या विहिरी खाली उतरतात त्या प्रत्येकीसाठी आधीच एक जागा ठेवावी लागते, तिला स्लॉट म्हणतात. यार्डात लोखंड जोडून, बार्जवर घालून, समुद्राच्या तळात रोवून झालं की मग नवा स्लॉट काढता येत नाही. गॅलरी आत घेऊन खोली वाढवावी तसं ते काम नाही. म्हणून स्लॉट किती हा आकडा एकदाच ठरतो, आणि तो ठरण्याआधी माझं म्हणणं ऐकलं जाणं जरुरीचं होतं.

माझं म्हणणं साधं होतं. त्या चुनखडीत मधे मधे चिकणमातीचे पातळ थर आहेत. दुधावर साय धरते तेवढे पातळ काही, काही बोटभर जाड. पण मातीतून तेल जात नाही. थर कितीही पातळ असला तरी वरचं तेल वर आणि खालचं खाली. त्यामुळे वरच्या भागासाठी वेगळ्या विहिरी लागतील आणि स्लॉट जास्त ठेवावे लागतील. साहेबांचं म्हणणं होतं की खालच्या जाड, उत्तम दगडात मोजक्या लांब आडव्या विहिरी मारल्या की वरचं तेल आपोआप उतरून येईल. स्लॉट कमी, प्लॅटफॉर्म लहान, काम स्वस्त. माती नसती तर त्यांचं अगदी बरोबर होतं.

माती आहे हे मला कसं माहीत? मी ती चावली आहे. यात चेष्टा नाही. तिथे पहिली विहीर खणली तेव्हा खालून दगडाचा अखंड दंडगोल कापून वर आणला होता, त्याला कोर म्हणतात. तो उभा चिरून, खोक्यांत क्रमाने मांडून, कांजूरमार्गच्या गोदामात ठेवला होता. मी तेव्हा नवखी. कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा आला की नाकाला रुमाल बांधायचा, स्टुलावर बसायचं, आणि एकेक तुकडा भिंगाखाली बघायचा. ॲसिडचा थेंब टाकला की चुनखडी फसफसते, माती गप्प बसते. पाणी ओतलं की चांगला दगड ते पिऊन टाकतो, मातीवर ते तसंच चमकत राहतं. आणि शेवटी शंका उरलीच तर कण दातांखाली धरायचा. करकर लागली तर त्यात रेती, लोण्यासारखा विरघळला तर शुद्ध चिकणमाती. माझ्या धंद्यातली सगळी माणसं हे करतात आणि घरी सांगत नाहीत. मी त्या खोक्यांतली माती इतक्या ठिकाणी चावली होती की दुपारचा डबा बेचव लागायचा.

हे सगळं मी वर्णनात लिहिलं होतं. वर्णन फाईलमध्ये होतं, कोणी नाकारलंही नव्हतं. पण वर्णन म्हणजे त्यांच्या लेखी कविता. त्यांना आकडा लागतो.

आणि आकडा कसा येतो ते ऐका, कारण सगळी मेख तिथे आहे. कोरमधून पेनाच्या टोपणाएवढे छोटे दंडगोल कापून लॅबमध्ये पाठवतात. त्यातून द्रव किती सहज जातो ते मोजतात. आता चुनखडीतून असा दंडगोल छान निघतो. मातीला ड्रिल लावलं की तिचा भुगा होतो. मग लॅबवाला शहाणा माणूस काय करतो? बोटभर बाजूला सरकतो आणि चांगल्या दगडातून नमुना काढतो. सगळीकडे असंच करतात, हीच रीत आहे. मातीच्या जागी लॅबच्या तक्त्यात रकाना रिकामा राहतो. तो तक्ता कॉम्प्युटरात जातो, कॉम्प्युटर सरासरी काढतो, आणि सरासरी काढताना रिकामा रकाना तो मोजतच नाही. त्या रकान्यात शून्य असतं तर त्याने मोजलं असतं. मातीचा आकडा खरोखर शून्यच असतो. पण शून्य लिहायला कोणीतरी शून्य मोजलेलं असावं लागतं, आणि भुगा झालेली वस्तू मोजणार कशी?

अशा तऱ्हेने कोणीही खोटं न बोलता एक संपूर्ण खोटा दगड तयार होतो. त्यात माती नाही. वरपासून खालपर्यंत निव्वळ उत्तम, सच्छिद्र चुनखडी. त्या दगडाच्या जोरावर मॉडेल बनतं, पडद्यावर हिरवं-लाल फिरतं, आणि वरचं तेल अगदी शहाण्यासारखं खाली उतरून आडव्या विहिरीत शिरतं. बघणाऱ्यांचे डोळे निवतात.

हे मॉडेल बनवणारा माझा जुना सहकारी. दिंडोशीच्या वसाहतीत वाढलेला, मालवणी आईचा, डोक्याने तल्लख. मी त्याला रे म्हणते, तो मला बाई म्हणतो. माझ्या डब्यातलं लोणचं त्याचं आणि त्याच्या डब्यातले तळलेले बोंबील माझे, असा आमचा जुना करार. माणूस वाईट नाही. हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

आराखड्याच्या मीटिंगमध्ये मी मातीचा मुद्दा काढला. साहेब म्हणाले, दाखवा. कोरचे फोटो पडद्यावर लावले. फोटो कोरड्या दगडाचे, घाईने काढलेले. मातीच्या जागी भुगा झाल्यामुळे नुसत्या काळ्या फटी दिसत होत्या. साहेब म्हणाले, मॅडम, या तर फटी आहेत. मी म्हटलं, फटीत माती होती. ते गोड हसले. त्यांचं ते हसू मला आजही आठवतं आणि आजही माझे हात शिवशिवतात. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात खोकेच आणते, तुमच्यासमोर पाणी ओतते. त्यांनी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी मी कांजूरला गेले. गोदाम ओळखू येईना. भिंतींना नवा रंग, जमिनीवर फरशी, जुने लाकडी खोके गायब. त्यांच्या जागी निळ्या प्लास्टिकचे स्वच्छ ट्रे, प्रत्येकावर छापील लेबल. तिथली देखरेख करणाऱ्या बाई अभिमानाने म्हणाल्या की वरून पत्र आलं होतं, जागा कमी करायची होती, एजन्सीची माणसं आली आणि महिनाभर राबून सगळं नीट लावून गेली. मी आमच्या विहिरीचे ट्रे काढले. काय देखणा दगड. धुतलेला, पुसलेला, एकाला एक चिकटवून लावलेला.

एकाला एक चिकटवून. फटी नव्हत्या.

मी विचारलं, भुगा कुठाय? बाई म्हणाल्या, तो काय कामाचा, तुकडे तेवढे ठेवायचे आणि चुरा काढून टाकायचा असंच पत्रात होतं. पत्रावर साहेबांची सही होती. चुरा पोत्यांत भरून पलीकडे डंपिंगला गेला होता. आधी लॅबने चांगलं तेवढं घेतलं, मग गोदामाने चांगलं तेवढं ठेवलं. मी त्या नव्या फरशीवर बसले आणि रागाने रडले. बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं.

मग मी मोजपट्टी मागितली. प्रत्येक ट्रेवर किती खोलीपासून किती खोलीपर्यंतचा दगड ते लिहिलं होतं. आतला दगड मोजला तर तेवढा भरेना. जिथे मी पूर्वी माती लिहिली होती नेमका तिथे तो कमी पडत होता. दिवसभर मोजत बसले. गुडघे गेले, पण आता माझ्याकडे आकडा होता. कवितेवर भागत नसेल तर हा घ्या आकडा.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तो मांडला. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की कोर वर आणताना थोडाफार तुटतो, हरवतो, हे सर्वसामान्य आहे. हे खरं आहे. संताप त्याचाच येतो, त्यांचं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं असतं. मी म्हटलं, तो बरोबर मातीच्याच जागी हरवतो हेही सर्वसामान्य आहे का? त्यांनी माझ्याकडे न बघता सहकाऱ्याला विचारलं, मॉडेल काय म्हणतं?

तो म्हणाला, "मॉडेलमध्ये माती नाही."

"म्हणजे नाहीच ना?"

"नाही म्हणजे, सर, मी टाकलेली नाही."

मला वाटलं, जिंकलो आपण. साहेबांनी विचारलं की टाकून परत चालवायला किती वेळ लागेल. तो म्हणाला, पंधरा दिवस धरा, सर. साहेब म्हणाले, पंधरा दिवस आपल्याकडे नाहीत, यार्डला आकडा या शुक्रवारी द्यायचाय. आणि पुढचा विषय घेतला. जो प्लॅटफॉर्म एक आख्खी पिढी समुद्रात उभा राहणार त्याच्यासाठी पंधरा दिवस नव्हते. स्लॉट कमीच ठरले.

खाली टपरीवर चहा घेताना मी सहकाऱ्याला धुतला. म्हटलं, इतकी वर्षं माझी वर्णनं वाचतोस ना तू?

"अगं, सेल रिकामा होता. रिकाम्या सेलमध्ये मी मनाने काय भरू?"

"शून्य भर. माती आहे रे ती, शून्यच येणार. तुला माहीत होतं."

तो म्हणाला की माहीत असणं वेगळं आणि फाईलमध्ये असणं वेगळं, उद्या कोणी विचारलं की शून्य कुठून आणलंस तर तो काय सांगणार होता. मी म्हटलं, माझं नाव सांगायचं होतंस. पुढे बरेच दिवस मी त्याचे बोंबील खाल्ले नाहीत. त्यानेही लोणचं मागितलं नाही.

माहेरी घाटकोपरला गेले की मी हेच बडबडत बसायची. आई मसूर निवडता निवडता ऐकायची. गिरणी कामगाराची बायको, तिने संप पाहिला होता, साहेब लोक तिला नवे नव्हते. एकदा म्हणाली, "दगडार कित्याक रागावतस गो? दगडाक काय कळता?" मी म्हटलं, दगडावर नाही, माणसांवर रागावलेय. ती म्हणाली, "मगे माणसांक सांग. माका सांगान काय उपेग?" मी नोकरी सोडायचंही बोलून पाहिलं. तर म्हणाली की तू सोडलंस तर मातीचं कोण बोलतलो? मग राहिले. राहून राग कमी झाला असं मात्र नाही.

प्लॅटफॉर्म उभा राहिला. फोटो आले, पेढे वाटले गेले. पहिल्या विहिरीने सुरुवातीला चांगलं तेल दिलं तेव्हा साहेबांनी मला मुद्दाम बोलावून आलेख दाखवला. मी अभिनंदन केलं. खालचं तेल पहिल्यांदा येणारच होतं, ते मीही कधी नाकारलं नव्हतं. मग पाणी आलं. आधी एका विहिरीत, मग शेजारच्या, मग सगळ्यांत. खालचा थर रिकामा होत गेला तसं बाजूचं पाणी त्यात घुसलं, आणि वरचं तेल वरच. एक थेंब खाली उतरला नाही. रोज सकाळचा अहवाल उघडला की पाण्याचा आकडा चढलेला. लोकांना वाटेल की मला आनंद झाला असेल. नाही झाला. ते तेल मी तरुणपणापासून ओळखत होते, ते वर अडकून पडलेलं बघवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात यावर मीटिंग झाली. अहवालाचा मसुदा वाटला होता, त्यात लिहिलं होतं की चिकणमातीचे अनपेक्षित थर आढळले. मी तो शब्द काढायला सांगितला. कोणासाठी अनपेक्षित, असं विचारलं. बरीच चर्चा होऊन तिथे 'अंशतः अपेक्षित' असं घालायचं ठरलं. माझ्याशेजारी बसलेला सहकारी पुटपुटला, बाई, वाट लागली भाषेची.

मग साहेब, अगदी मनापासून, म्हणाले की वरचं तेल काढायला नवी विहीर मारू. सहकारी म्हणाला, सर, स्लॉट नाही. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांना एक कल्पना सुचली. म्हणाले, हे मातीचे थर नेमके कुठे आहेत ते आधी नीट समजून घेतलं पाहिजे, म्हणजे आहे त्याच विहिरीतून वर फाटा काढता येईल. कोर मागवा. मॅडम, तुम्ही पूर्वी म्हणाला होतात ना, पाणी ओतलं की कळतं?

त्यांच्या लक्षातच नव्हतं. पत्र, सही, पोती, काही नाही. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी कांजूरला फोन केला, ट्रे मागवले. दुपारी ते आले, निळे, स्वच्छ, मीटिंगच्या टेबलावर एका ओळीत लावले. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि पाण्याची बाटली स्वतः उचलली. पहिल्या तुकड्यावर ओतलं, दगड पाणी प्यायला. दुसऱ्यावर ओतलं, तोही प्यायला. ते ट्रेच्या टोकापर्यंत गेले, मग पुढच्या ट्रेकडे वळले. सगळे वाकून बघत होते. एकही तुकडा असा निघाला नाही की ज्यावर पाणी थांबेल. दगड खरंच फार सुंदर होता.

बाटली रिकामी झाली. साहेबांनी मला विचारलं, "मग माती कुठाय?"

माझा आवाज चढेल असं मला वाटलं होतं, तो चढला नाही.

"तुम्ही फेकलीत."

सहकाऱ्याने माझ्यासमोरचा ट्रे जवळ ओढला, दोन तुकड्यांमध्ये नख घालून बघितलं. नख आत जात नव्हतं. मग तो उठला, फळ्यापाशी गेला, आणि साहेबांना काहीही न विचारता मला म्हणाला, "सांग बाई, वरून सुरुवात कर. कुठे कुठे चावली होतीस?"

मी डोळे मिटले आणि आठवेल तसं सांगत गेले. प्रत्येक ठिकाणी तो शून्य लिहीत गेला.